टीमवर्क शिकवता येतं का?

आमच्या धंद्यात दर दुसऱ्या रेझ्युमेवर 'टीम प्लेअर' हे शब्द असतात. मुलाखत घेताना मी कधीकधी मुद्दाम विचारतो, "हे कुठे शिकलात?" उत्तर ठरलेलं. "सर, फायनल इयरचा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी मिळून केला होता." इंजिनीअरिंग केलेल्या प्रत्येकाला ते चौघे ठाऊक आहेत. एक कोड लिहितो, दुसरा रिपोर्ट टाइप करतो, तिसरा बाइंडिंग करून आणतो आणि चौथा व्हायव्हाच्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर होतो. मार्क चौघांना सारखेच :)

गंमत सोडा, पण आता हे कागदावरही आलं आहे. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. तेव्हापासून एनबीएच्या (बास्केटबॉलवाली नव्हे, कॉलेजांना मान्यता देणारी) यादीतलं 'संघात काम करता येणं' आपल्या कॉलेजांना जास्तच गांभीर्याने घ्यावं लागतं. म्हणजे ते शिकवलं पाहिजे आणि शिकवल्याचा पुरावाही दिला पाहिजे. पण शिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं? थर्मोडायनॅमिक्सला निदान पुस्तक तरी आहे.

एका विद्याशाखेला मात्र हा प्रश्न फार आधी पडला, आणि तोही माणसं मेल्यामुळे पडला. ती म्हणजे ह्यूमन फॅक्टर्स, किंवा एर्गोनॉमिक्स. आपल्याकडे हा शब्द ऑफिसच्या खुर्चीच्या जाहिरातीत भेटतो आणि तिथेच संपतो, पण विषय बराच मोठा आहे. या शाखेच्या विद्यार्थ्यांना आज टीमवर्कबद्दल जे शिकवतात, त्यातला मोठा भाग विमानांच्या कॉकपिटमधून आला आहे. तो कसा आला, ही या वीकेंडची गोष्ट.

सुरुवातीला या शाखेला 'टीम' दिसतच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बरचे पायलट सुखरूप उतरायचे आणि मग धावपट्टीवरच चाकं आत घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. सगळे म्हणत, पायलटची चूक. १९४३च्या सुमारास अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट नीट बघितलं, तर चाकांचं बटण आणि फ्लॅपचं बटण शेजारी-शेजारी, दिसायलाही सारखी. त्याने एकावर रबरी चाक बसवलं आणि दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. प्रश्न मिटला. या शाखेचा पाया हाच: माणसाला दोष देण्याआधी त्याच्या हाताखालचं यंत्र बघा. पुढे १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९५७ मध्ये अमेरिकेत या विषयाच्या संस्था निघाल्या. पण चित्र तेच राहिलं, एक माणूस आणि एक यंत्र. दोन माणसांच्या मधे काय घडतं, ते या चित्रात कुठे बसतच नव्हतं.

ते बसवायला पोर्टलंड घडावं लागलं.

२८ डिसेंबर १९७८. युनायटेडचं १७३ क्रमांकाचं विमान, डीसी-८, न्यूयॉर्कहून डेन्व्हरमार्गे ओरेगनमधल्या पोर्टलंडला चाललेलं. आत १८९ माणसं. उतरण्यासाठी चाकं खाली सोडली तर मोठा धक्का बसला, आणि एका चाकाचा हिरवा दिवा लागेना. पुढे कळलं ते असं: गंजामुळे चाक ओढणाऱ्या सिलिंडरचा दांडा तुटला होता, चाक धाडकन खाली पडलं होतं आणि त्यात दिव्याचा स्विच खराब झाला होता. म्हणजे चाक खाली होतं, फक्त दिवा नव्हता.

कॅप्टन कच्चा नव्हता. २७ हजारांहून जास्त तास उडालेला माणूस. त्याने घाई केली नाही. विमान विमानतळाजवळ घिरट्या घालत ठेवलं, पुस्तिका तपासल्या, प्रवाशांची तयारी करायला सांगितलं. असा जवळपास तास गेला. आणि या तासात शेजारी बसलेल्या फ्लाइट इंजिनीअरला इंधनाचे आकडे दिसत होते. कॅप्टन म्हणाला, अजून पंधराएक मिनिटं धरून हिशेब कर. त्यावर त्याने सांगितलंसुद्धा, की पंधरा मिनिटांत इंधन फारच कमी होईल. सांगितलं आणि पुढच्या कामाला लागला. कॅप्टनच्या डोक्यात चाक होतं. थोड्या वेळाने फर्स्ट ऑफिसर म्हणाला, एक इंजिन जातंय. कॅप्टनने विचारलं, का? उत्तर एका शब्दाचं होतं: इंधन.

विमान धावपट्टीच्या सुमारे सहा मैल अलीकडे शहराच्या उपनगरात झाडांमध्ये कोसळलं. टाक्या रिकाम्या, त्यामुळे आग लागली नाही, आणि म्हणूनच १७९ जण वाचले. दहा गेले. त्यात तो फ्लाइट इंजिनीअर होता.

आता ह्याला चॅपॅनिसचं औषध लावून बघा. कुठलं बटण बदलणार? काटे बरोबर होते. बघणाऱ्याने बघितलंही होतं. माहिती कॉकपिटमध्ये हजर होती, फक्त एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात गेली नाही. दीड-दोन फुटांचं अंतर!

मला यातली सगळ्यात ओळखीची गोष्ट वाटते ती सांगण्याची पद्धत. हाताखालचा माणूस धोका सांगतो, पण असा की वरच्याला तो धोका न वाटता नोंद वाटते. आपण मराठी माणसं तर यात पारंगत. "सर, नाही म्हणजे, एकदा बघून घेतलं असतं तर..." हे वाक्य अर्धवट सोडायचं आणि सरांच्या चेहऱ्याकडे बघायचं. रिलीजच्या आदल्या रात्रीच्या कॉलवर मी हे वाक्य इतक्या आवाजांत ऐकलंय की आता त्या तीन टिंबांना मी सीव्हिअरिटी वन धरतो.

अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने १९७९ मध्ये अहवाल दिला. त्यात एक शिफारस अशी होती, की कॅप्टनना इतरांना सामील करून घ्यायला शिकवा आणि बाकीच्यांना ठामपणे बोलायला शिकवा. शिकवा! याआधी 'तो जरा बुजरा आहे' किंवा 'साहेब जरा तापट आहेत' हा स्वभाव मानला जायचा. इथे पहिल्यांदा तो अभ्यासक्रम झाला.

त्याच सुमारास नासाच्या एम्स केंद्रात एच. पी. रफेल स्मिथ याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्ण क्रू सिम्युलेटरमध्ये बसवायचा, न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं जंबो विमान, वाटेत इंजिनाची भानगड. सगळे क्रू अनुभवी, पण चुकांची संख्या क्रूगणिक प्रचंड वेगळी. पुढे क्ले फूशी आणि के. एल. मॅनॉस यांनी त्या प्रयोगाच्या टेप ऐकून बोलणं मोजलं. फरक हुशारीपेक्षा बोलण्यात दिसत होता. विमानाच्या स्थितीबद्दल जास्त माहिती देणाऱ्या क्रूच्या चुका कमी. आणि माझा आवडता निष्कर्ष म्हणजे, जिथे लोक एकमेकांना साधं 'हो, कळलं' म्हणत होते, तिथेही चुका कमी. हुंकाराची किंमत कुणीतरी मोजली होती.

जून १९७९ मध्ये नासाने सॅन फ्रान्सिस्कोला एक कार्यशाळा घेतली आणि तिथून 'कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट' म्हणजे सीआरएम हा शब्द रूढ झाला. १९८१ मध्ये खुद्द युनायटेडने पहिला मोठा कोर्स सुरू केला.

आणि इथे गोष्ट विनोदी होते. विमान कंपन्यांकडे टीमवर्क शिकवायचं तयार साहित्य नव्हतं, म्हणून त्यांनी कॉर्पोरेट मॅनेजमेंट ट्रेनिंग उचललं. ब्लेक आणि माउटन यांचं 'मॅनेजेरियल ग्रिड', नेतृत्वाच्या शैलींच्या प्रश्नावल्या, आणि गटात खेळायचे खेळ. त्यात एक प्रसिद्ध खेळ होता 'चंद्रावर हरवलेले': तुमचं यान चंद्रावर भलतीकडे उतरलंय, जवळ पंधरा वस्तू आहेत, त्या महत्त्वाच्या क्रमाने लावा. दोन महायुद्धांच्या गोष्टी सांगणाऱ्या खात्यातले करारी पायलट आगपेट्या आणि दुधाची पावडर यांचा क्रम लावत बसलेत, हे दृश्य डोळ्यासमोर आणा. बरेच जण या कोर्सला 'चार्म स्कूल' म्हणायला लागले, म्हणजे गोड बोलायची शाळा.

मंडळी, आपण सगळे या शाळेत जाऊन आलो आहोत. मुळशीच्या रिसॉर्टवर नेऊन कच्च्या स्पॅगेटीचा मनोरा बांधायला लावतात, वर मार्शमेलो. मनोरा बांधला, फोटो काढले, जेवलो, मुंबई-पुणे बसमध्ये अंताक्षरी. सोमवारी तोच कॉल, तेच म्यूटवर बसलेले लोक. मजा आली, नाही असं नाही. पण मनोऱ्यावरून डिप्लॉयमेंटवर काही आलं नाही.

हे असं का होतं ते शोधणारा माणूस म्हणजे टेक्सास विद्यापीठातला, ऑस्टिनचा रॉबर्ट हेल्मराइक. हा सामाजिक मानसशास्त्राचा प्राध्यापक. त्याने आधी समुद्राच्या तळाशी सीलॅब नावाच्या घरात राहणाऱ्या पाणबुड्यांच्या गटांचा अभ्यास केला होता, म्हणजे 'कोंडलेल्या जागेतली माणसं' हा त्याचा जुना विषय. त्याच्या गटाने कोर्सच्या आधी आणि नंतर पायलटांची मतं मोजली, मग प्रत्यक्ष वागणं बघितलं. बहुतेकांच्या मतांत सुधारणा दिसली. पण थोडे लोक असे निघाले, की कोर्सनंतर त्यांचं मत आणखी विरोधात गेलं. याला तो 'बूमरँग' म्हणायचा. शिवाय उजळणी झाली नाही तर शिकलेलं विरतं. आमच्या एचआरच्या फीडबॅक फॉर्ममध्ये 'बूमरँग' असा रकाना का नसतो कोण जाणे.

मग हळूहळू चंद्र गेला आणि खरं काम आलं. १९८६ च्या आणखी एका कार्यशाळेनंतर 'कॉकपिट'च्या जागी 'क्रू' हा शब्द आला, कारण हवाईसुंदऱ्या, मेकॅनिक आणि डिस्पॅचर हेही संघातच. शिकवायची पद्धत बदलली. पूर्ण क्रूने सिम्युलेटरमध्ये खरीखुरी फेरी करायची, कागदपत्रांपासून रेडिओपर्यंत सगळं. मधे काहीतरी बिघडवायचं, असं की त्याचं एक ठरीव उत्तर नसेल. प्रशिक्षकाने तोंड बंद ठेवायचं, मधे थांबवायचं नाही. नंतर सगळ्यांनी व्हिडिओ बघायचा, आणि 'इथे तू हे बोललास तेव्हा मला काय वाटलं' हे क्रूनेच एकमेकांना सांगायचं. मग टेप पुसून टाकायची. हा शेवटचा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो. टेप अप्रेझलला जाणार असेल तर कोण खरं बोलेल?

१९ जुलै १९८९ ला युनायटेडच्याच २३२ क्रमांकाच्या डीसी-१० चं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. अशा विमानाला वळवायची पुस्तिका अस्तित्वात नव्हती. प्रवाशांमध्ये डेनिस फिच नावाचा प्रशिक्षक पायलट होता. कॅप्टन अल हेन्सने त्याला आत घेतलं, आणि त्याने गुडघ्यांवर बसून उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल कमीजास्त करत विमान वळवलं. चौघांनी मिळून ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ वाचले. नंतर टेपवरचं बोलणं मोजलं, तर मिनिटाला सरासरी तीसेक वाक्यं, आणि बरीचशी छोटी. श्रेय हेन्स नंतर आयुष्यभर सीआरएमला देत राहिला. पोर्टलंडपासून इथवर अकरा वर्षं, कंपनी तीच.

विद्यापीठांत ही पद्धत शिरली ती दवाखान्याच्या दाराने. स्टॅनफर्डचा भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा याने ऐंशीच्या दशकात भूल देण्याचा सिम्युलेटर बांधला, आणि १९९० मध्ये शिकाऊ डॉक्टरांसाठी कोर्स सुरू केला. खरं ऑपरेशन थिएटर, पुतळ्याचा रुग्ण, आणि मधेच हृदय बंद. मग व्हिडिओ, मग चर्चा. गरज किती होती ते हेल्मराइकच्याच गटाच्या २००० सालच्या पाहणीत दिसतं. 'कनिष्ठांनी वरिष्ठांच्या निर्णयावर बोलू नये' ही उतरंड ९७ टक्के पायलटांना अमान्य होती. वरिष्ठ सर्जनांपैकी फक्त ५५ टक्क्यांना.

आता आपल्या त्या चौघांकडे येऊ. फायनल इयर प्रोजेक्टमध्ये टीमवर्क का शिकलं जात नाही, याचं उत्तर मला या इतिहासात सापडलं. प्रोजेक्टचे चार तुकडे करता येतात. करता येतात म्हणून केले जातात, आणि शेवटी स्टेपल मारली जाते. जो जितका कार्यक्षम गट, तितका तो एकमेकांशी कमी बोलतो. मार्क स्टेपल मारलेल्या गठ्ठ्याला मिळतात.

तुकडे न करता येणारं काम कसं बनवायचं, याचा एक साधा नमुना १९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस या दोघांनी विद्यार्थ्यांवरच करून दाखवला होता. चौघांचा गट, विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदाचे तीन काल्पनिक उमेदवार, त्यातला एक निवडायचा. सगळ्यांना सगळी माहिती दिली तर गट योग्य उमेदवार निवडतात. पण योग्य उमेदवाराचे गुण चौघांत वाटून दिले, प्रत्येकाकडे थोडे-थोडे, तर बहुतेक गट चुकतात. कारण चर्चा होते ती सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींची. जे फक्त एकालाच ठाऊक आहे, ते टेबलावर येतच नाही. पोर्टलंडचं इंधन अगदी असंच एकाच्याच काट्यावर होतं.

यात महागडा सिम्युलेटर लागत नाही, चार वेगवेगळे कागद आणि एक घड्याळ पुरतं. ह्यूमन फॅक्टर्सच्या वर्गात तर हे दुहेरी बसतं: विद्यार्थी प्रयोगातला उंदीरही असतो आणि प्रयोग करणाराही. आधी स्वतःच्या गटाचं बोलणं रेकॉर्ड करायचं, मग तेच बोलणं मॅनॉस-फूशी पद्धतीने मोजायचं. कोणी किती सांगितलं, किती वेळा उत्तरच आलं नाही, कुठलं वाक्य तीन टिंबांत संपलं. एड्वार्डो सालस आणि जॅनिस कॅनन-बोवर्स यांनी अमेरिकन नौदलासाठी केलेल्या कामातून आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे भूमिकांची अदलाबदल. थोडा वेळ दुसऱ्याच्या खुर्चीत बसलं, की त्याला कधी काय माहिती लागते ते कळतं. या कामाला जोर आला तोसुद्धा एका दुर्घटनेनंतर. ३ जुलै १९८८ ला व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. विमान वर चढत होतं, आणि नौकेवर मात्र ते खाली येतंय असं सांगितलं जात होतं.

हे सगळं नुसतं छापून वाटलं तर मात्र काही होत नाही, आणि याचाही पुरावा आहे. अतुल गावंडे (वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले) यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आली. त्यात चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचे आकडे आले. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर. पुढे कॅनडात ओंटारिओ प्रांताने ती सक्तीची केली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचे आकडे तपासले, तर लक्षात घेण्याजोगा फरक नाही. खुणा मात्र बहुतेक सगळीकडे नियमित केलेल्या. ओंटारिओत काय कमी पडलं यावर तज्ज्ञ भांडतात. माझं मत विचाराल तर कागद वाटणं आणि सराव करून घेणं यातला फरक तिथे दिसला. जिरातली टिकमार्क बघून ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचं उदाहरण मंगळूरचं. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ क्रमांकाचं विमान टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ गेले, आठ वाचले. चौकशी समितीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. तेव्हा सीआरएमला तीस वर्षं झाली होती. अहवालानुसार विमान जरुरीपेक्षा उंचावर होतं, कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता, आणि फर्स्ट ऑफिसरने उतरणं रद्द करा म्हणून तीनदा सांगितलं होतं. इथे तीन टिंबं नव्हती. तो स्पष्ट बोलला होता. पण त्याने कंट्रोल स्वतःच्या हातात घेतले नाहीत. आणि त्याचं एक संभाव्य कारण अहवालाने असं नोंदवलं आहे, की को-पायलटला स्वतःहून उतरणं रद्द करण्याचा अधिकार आहे की नाही, याबद्दलच्या लेखी सूचनाच संदिग्ध होत्या.